लाल कागदावरची फिकट जागा

माझं नेमकं काम काय, हे आमच्या भावकीत कुणालाच नीट माहीत नाही. ‘पुण्यात कंपनीत आहे, कॉम्प्युटरवर असते’ एवढ्यावर भागतं. मागे एका लग्नात मामीनं फारच खोदून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, “इंजिन गळू नये म्हणून मधे पातळ पत्र्याचं गॅसकेट बसवतात ना, ते मी कॉम्प्युटरवर दाबून बघते.” मामी जरा थांबली आणि म्हणाली, “म्हणजे कुकरची रिंग.”

याहून चांगली व्याख्या मला आजवर सुचलेली नाही. आमच्याकडे कुकरची रिंग सैल पडली की आई ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवते आणि पुढचे दोन-चार दिवस शिट्टी नीट होते. पुन्हा सैल पडली की झाकणाच्या कडेनं फुस्स वाफ निघते. डाळ कच्ची राहते, इतकंच नुकसान.

फक्त कुकरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बारनं जास्त असतो. मी ज्या टर्बो डिझेल इंजिनांवर काम करते, त्यांच्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटतं तेव्हा दाब दीडशे-पावणेदोनशे बारवर जातो. ८५ मिलिमीटर व्यासाचा सिलिंडर आणि १६० बार दाब धरा, गुणाकार करा. इंजिनाचं डोकं, म्हणजे सिलिंडर हेड, वर उचलणारा जोर जवळपास नऊ टनांचा येतो. नऊ छोट्या मोटारी एका ताटलीएवढ्या जागेवर. आणि ३००० आरपीएमला हे एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा होतं. हेड खाली धरून ठेवायला बोल्ट असतात. पण हेड आणि ब्लॉक यांच्यामधली फट बुजवायला असतं ते एवढंसं गॅसकेट. स्टीलचे तीन-चार पातळ थर, प्रत्येक साधारण पाव मिलिमीटरचा, वर रबरासारखा पातळ लेप. त्याला एकाच वेळी तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायच्या असतात: पेटलेला वायू, कूलंटचं पाणी आणि ऑइल. यांतल्या कुठल्याही दोघांची गाठ पडली की खेळ संपला.

आप्पा, म्हणजे माझे वडील, याला गॅसकेट म्हणत नाहीत. ते ‘पॅकिंग’ म्हणतात. कराडला जुन्या हायवेच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे आणि माझं सगळं लहानपण तिथल्या डिझेलच्या वासात गेलं. साध्या झाकणांची पॅकिंगं ते घरीच करायचे. झाकणावर पॅकिंगचा कागद धरायचा आणि बॉलपेन हातोड्यानं कडेकडेनं हलके ठोके द्यायचे. कागद कडेवर आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकांवर हातोड्याच्या गोल बाजूनं एक-एक टिचकी. पाच मिनिटांत झाकणाची हुबेहूब कागदी सावली तयार. मला ते जादूसारखं वाटायचं. सुट्टीत मी ढीगभर पॅकिंगं कापून ठेवायची, त्यातली निम्मी फेकून द्यावी लागायची.

हेडचं पॅकिंग मात्र विकतच आणावं लागायचं. तेव्हा तांब्याचा पत्रा आणि आत ॲस्बेस्टॉस अशी पॅकिंगं सर्रास असायची. जुनं खरवडून काढताना उडणारी धूळ आप्पा तोंडानं फुंकून टाकायचे. ॲस्बेस्टॉसच्या त्या तंतूंनी फुप्फुसांचा कॅन्सर होतो, हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. त्यानंतर मी त्यांना दर वर्षी छातीचा एक्स-रे काढायला लावते. ते काढतात आणि दर वर्षी मला वेड्यात काढतात.

आता माझ्या कामाबद्दल. कॉम्प्युटरवर गॅसकेट ‘दाबणं’ म्हणजे नक्की काय?

ब्लॉक, हेड, बोल्ट आणि गॅसकेट यांचं मॉडेल लाखो छोट्या तुकड्यांत मोडायचं. धातूचे भाग कसे वाकतात, हे तसं माहीत असतं. गॅसकेटची भानगड वेगळी. त्याच्या थरांवर सिलिंडरभोवती एक उठाव दिलेला असतो, त्याला बीड म्हणतात. बोल्ट आवळले की बीड चेपतो आणि स्प्रिंगसारखा परत उठायला बघतो. सगळं सील या उठण्याच्या हट्टावर चालतं. कारण प्रत्येक स्फोटाला हेड काही मायक्रॉन वर उचललं जातंच, बोल्ट कितीही दणकट असोत. त्या क्षणी बीडनं हेडच्या मागोमाग वर यायचं असतं, संपर्क न सोडता. म्हणून आधी खरं गॅसकेट प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये दाबतात आणि सोडतात. किती दाबलं, किती चेपलं, याचा आलेख काढतात. दाबताना तो एका वाटेनं जातो आणि सोडताना दुसऱ्याच वाटेनं परत येतो. तो आलेख मॉडेलला खाऊ घालायचा. मग पायऱ्यापायऱ्यांनी: बोल्ट आवळा, इंजिन गरम करा, एक नंबरचा सिलिंडर पेटवा, मग तीन, मग चार, मग दोन. प्रत्येक पायरीला बीडच्या दर मिलिमीटरवर किती जोर उरला, ते बघायचं.

इथं एक गोष्ट सुरुवातीला माझ्या डोक्यात शिरत नव्हती. सिलिंडरच्या भोवतालच्या संपूर्ण वर्तुळावर सरासरी जोर भरपूर असला, तरी त्याचा काही उपयोग नसतो. वायू सरासरी वाचत बसत नाही. तो आठ मिलिमीटरची एक ढिली जागा शोधतो आणि तिथून निघतो.

तर एका नव्या इंजिनावर मी काम करत होते. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. ही जोडी तशी भांडकुदळ. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट पसरतं. ४०० मिलिमीटर लांबीचं हेड आणि तेवढाच ब्लॉक मोकळे सोडून ८० अंशांनी तापवले, तर हेड ब्लॉकपेक्षा साधारण ०.४ मिलिमीटर जास्त वाढतं. बोल्टांनी जखडल्यामुळे ते तेवढं सरकू शकत नाही, पण सरकायला बघतं. दर वेळी गॅसकेट मधल्यामधे घासलं जातं.

मॉडेलमध्ये सगळे बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळले तेव्हा निकाल छान आला. पण नियमानं आणखी एक केस चालवायची असते. बोल्ट कमीत कमी जितके आवळले जाऊ शकतात, तितकेच आवळले गेले तर? त्या केसमध्ये चार नंबरच्या सिलिंडरच्या बाहेरच्या बाजूला, फ्लायव्हीलकडे, छोटासा निळा डाग आला. आमच्या ठरलेल्या किमान आकड्याच्या किंचित खाली.

रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी होता. आमच्या टीमच्या सरांनी स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, “अगं, हे दिसलं की तासभर याच्यावरच चर्चा. ही वर्स्ट केस आहे, सगळे बोल्ट एकदम ढिले कधी नसतात. रेंज जरा सेट कर ना.”

रेंज म्हणजे चित्राच्या बाजूला असते ती रंगांची पट्टी. आधी पट्टीचं खालचं टोक आमच्या किमान आकड्यावर होतं, त्यामुळे त्याच्या खालचं सगळं गडद निळं दिसत होतं. मी ते टोक शून्यावर नेलं. तोच डाग आता हिरवट दिसायला लागला. एकही आकडा बदलला नाही. पट्टीवर सगळं लिहिलेलं होतं, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. आणि ती स्लाइड मी शेवटी, जोडपत्रात टाकली.

पट्टी कुणी वाचत नाही. मीसुद्धा दुसऱ्यांच्या चित्रांची वाचत नाही.

चारेक महिन्यांनी पहिलं प्रोटोटाइप इंजिन टेस्ट सेलमध्ये उभं राहिलं. बाहेरच्या लोकांना टेस्ट सेल कधी दिसत नाही. पुण्यातल्या बहुतेकांना एआरएआय हीसुद्धा फिरायला जायची टेकडी म्हणूनच माहीत असते. तिथं १९६६ सालापासून गाड्या आणि इंजिनं तपासणारी संस्था आहे, हे वर चढून गेट दिसल्यावर कळतं. आमच्या कंपनीचा स्वतःचा सेल होता: जाड भिंतींची खोली, मधे डायनोला जोडलेलं इंजिन, काचेपलीकडे स्क्रीन बघत बसलेली माणसं. गॅसकेटसाठी तिथं जी टेस्ट करतात ती सगळ्यांत निर्दय. इंजिन फुल लोडवर तापवायचं आणि लगेच त्यातून थंड कूलंट सोडायचं. पुन्हा तापवायचं, पुन्हा थंड. दिवसरात्र, शेकडो वेळा. रस्त्यावरची काही वर्षं काही आठवड्यांत.

रात्री पावणेबाराला सेलमधल्या काकांचा फोन आला. “मॅडम, टाकीत बुडबुडे मारतंय.”

मी रिक्षानं गेले. कूलंटच्या टाकीत खरंच बुडबुडे येत होते, आणि तेही इंजिन थंड झालेलं असतानाच. गरम झालं की बंद. माझ्या पोटात गोळा आला, कारण याचा अर्थ मला तिथंच कळला. ॲल्युमिनियमचं हेड तापलं की स्टीलच्या बोल्टांपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे बोल्ट आणखी ताणले जातात आणि गॅसकेट आणखी दाबलं जातं. थंड असताना तो आधार नसतो. तेव्हा फक्त मुळात किती आवळलंय, तेवढंच कामाला येतं. म्हणजे गोष्ट बोल्टांवर येत होती. म्हणजे माझ्या जोडपत्रावर.

काकांनी टाकीच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी धरली. वर येणाऱ्या वायूत सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड असेल तर ते निळं पाणी पिवळं पडतं. आमचं पिवळं पडायला मिनिटभरही लागलं नाही.

घरी आल्यावर झोप येईना, म्हणून पहाटे आप्पांना फोन लावला. ते साडेपाचलाच उठतात. मी सांगायला लागले तर मधेच म्हणाले, “कुठल्या बाजूनं मारतंय?”

“चार नंबरला, आप्पा.”

“फ्लायव्हीलकडं?”

“हो.”

“मग आधी बोल्ट बघा. पॅकिंगला शिव्या मागनं घाला.”

रंगांच्या पट्टीचं मी सांगितलं नाही. त्यांना कळलं नसतं म्हणून नव्हे. चांगलंच कळलं असतं.

मी दहा वर्षांची असताना पाटणच्या एका गुरुजींची जीप गॅरेजला आली होती. कुंभार्ली घाट चढताना तापली होती आणि ऑइल चहासारखं झालं होतं. आप्पांनी हेड खोललं, त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरली आणि पलीकडून उजेड बघितला. मग फिलर गेजची पात घालून बघितली. मी टॉर्च धरून उभी होते. पात आरपार गेली, म्हणजे हेड वाकलेलं होतं, ते फेसिंगला टाकायला हवं होतं. पण लेथवाला गावच्या जत्रेला गेलेला आणि गुरुजींना दुसऱ्या दिवशी चिपळूणला जायचं होतं. “नवं पॅकिंग आहे, धरंल,” असं म्हणून आप्पांनी हेड तसंच बसवलं.

आठवड्यानं घाटातून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर निरोप आला. गुरुजी, त्यांची बायको आणि दोन पोरं पावसात जीपमध्ये बसून होती. आप्पा रात्रीच दुसरी गाडी घेऊन गेले आणि दोर बांधून जीप ओढून आणली. सकाळी गुरुजी गॅरेजच्या बाकड्यावर चहा पीत बसले होते. पॅकिंगच डुप्लिकेट असणार, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आप्पांनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ते म्हणाले, “नाही गुरुजी, पॅकिंग चांगलं होतं. हेड वाकडं होतं. मी बघितलं होतं.”

मला तेव्हा आप्पांचा राग आला होता. गुरुजी परत आमच्याकडं येणार नाहीत, असं मला वाटलं होतं. आणि खरंच, ते नंतर फारसे आले नाहीत.

कंपनीत इंजिन खोललं. गॅसकेटवर चार नंबरच्या कडेला बीड ओलांडून गेलेली बारीक काळी रेघ होती, काजळीची. वायूनं स्वतःची वाट आखून ठेवलेली. मग आम्ही दाबाच्या फिल्मनं मोजायचं ठरवलं. ही एक गंमतीची चीज आहे. कागदासारखी पातळ फिल्म, तिच्यावर रंगाच्या अतिसूक्ष्म कुप्या. दाब पडला की कुप्या फुटतात आणि फिल्म लाल होते. जितका दाब जास्त, तितका लाल गडद. चालत्या इंजिनात ती टिकत नाही, थंडच वापरायची आणि एकदाच. आम्ही बोल्टांची भोकं पाडून फिल्म बसवली, हेड आवळलं, सोडलं, उचललं. चार सिलिंडरांभोवती चार लाल वर्तुळं उमटली होती आणि चौथ्या वर्तुळाची एक कड, बोटाच्या पेरापेक्षा लहान, गुलाबीसर फिकट होती. मी ती जागा ओळखत होते. मी तिला निळी बघितली होती, मग हिरवी, आता गुलाबी.

बोल्टांचा ताण अल्ट्रासाउंडनं मोजला. ध्वनीलहर बोल्टच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून तो किती लांबलाय ते कळतं. त्या कडेचे दोन बोल्ट बाकीच्यांपेक्षा बरेच ढिले निघाले. टॉर्क मात्र सगळ्यांना सारखाच लावलेला. यात आश्चर्य काही नाही. पान्यावर आपण जो जोर लावतो, त्याचा ढोबळमानानं दहावा हिस्साच बोल्ट ताणायला लागतो. बाकीचा बोल्टच्या डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्या दोन बोल्टांच्या आट्यांना तेल कमी लागलं होतं. घर्षण वाढलं आणि पान्यानं ‘झालं’ म्हणून खोटीच टिकटिक केली. आप्पा हेडचे बोल्ट आधी ऑइलमध्ये बुडवून तारेला टांगून निथळत ठेवायचे. मला वाटायचं, ती त्यांची सवय आहे.

मीटिंगमध्ये तीन बाजू होत्या. गॅसकेट देणाऱ्या कंपनीचे लोक म्हणत होते, असेंब्ली चुकली. असेंब्लीवाले म्हणत होते, डिझाइनमध्येच जीव नाही. आणि आमचे सर म्हणत होते, सिम्युलेशनमध्ये सगळं ओके होतं. हे वाक्य ऐकून मला वाटलं, गप्प बसावं. बोल्ट ढिले होते, हे तर खरंच होतं. तेवढ्यावर मिटलं असतं.

मी जोडपत्रातली स्लाइड लावली. शेजारी तेच चित्र जुन्या रेंजमध्ये लावलं आणि त्याखाली लाल फिल्मचा फोटो. म्हटलं, “हे मला आधी दिसलं होतं. रंगाची रेंज मी बदलली होती.” बदलायला कुणी सांगितलं, ते बोलले नाही. त्यात मोठेपणा काही नव्हता, मला भीती वाटत होती.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक जण म्हणाला, “मग तेव्हाच बोलायचं ना, मॅडम.” बरोबरच होतं. तीन आठवडे आणि एक इंजिन वाया गेलं होतं. सर त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी मोजून बोलायचे आणि त्या वर्षीचं माझं अप्रेझल जेमतेम झालं. इंजिनाचं म्हणाल तर, बोल्ट आता नुसत्या टॉर्कवर आवळत नाहीत. थोडा टॉर्क लावून मग ठरावीक अंश फिरवतात, म्हणजे घर्षणाची लबाडी कमी चालते. शिवाय गॅसकेटमध्ये चार नंबरच्या भोवतीचा स्टॉपर, म्हणजे सिलिंडरच्या कडेचा जरा जाड थर, काही मायक्रॉननं वाढवला. काही मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचाही छोटासा भाग. दुसऱ्या फेरीत टेस्ट पूर्ण झाली. शेवटच्या रात्री मी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते, काकांनी दोनदा चहा आणून दिला. पाणी शांत होतं.

हल्ली मी चित्र बघायच्या आधी पट्टी वाचते. ज्युनिअर मुलं कंटाळतात.

गणपतीत घरी गेले तेव्हा ती लाल फिल्म बरोबर नेली. टेस्टची नव्हे, ती फाइलला लावलीय. सरावासाठी काढलेली एक वाया गेलेली होती, ती. आप्पांनी ती दारात उजेडाला धरली, चष्मा वर केला, खाली केला. मग म्हणाले, “आम्ही निळं लावून बघायचो की.” सरफेस प्लेटवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, हेड त्यावर हलकं फिरवायचं आणि जिथं निळं लागत नाही तिथं खळगा आहे, असं समजायचं. ते मी विसरूनच गेले होते. लहानपणी माझ्या फ्रॉकला तो निळा लागायचा आणि आई ओरडायची.

मग मी त्यांना रंगांच्या पट्टीचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. बराच वेळ फिल्मच उलटीसुलटी करत राहिले.

“हा कागद केवढ्याला पडतो?” त्यांनी विचारलं.

मी आकडा सांगितला.

“अगं, तेवढ्यात माझी चार हेडं फेसिंग होत्यात,” असं म्हणून त्यांनी फिल्मची नीट घडी केली आणि गॅरेजमधल्या कॅलेंडरच्या मागं खोचली.